नंबराखालचा हिरवा

मित्रांनो, मी एक जुने खापर आहे. तळहाताएवढे, कडेला तुटलेले. संग्रहालयातल्या पाटीवर मला 'अवशेष' म्हटले आहे. भागाकारात शेवटी उरते त्याला तुम्ही शेष म्हणता ना? त्याच कुळातला हा शब्द. संस्कृतात 'शिष्' म्हणजे मागे उरणे. त्यातूनच शेष आला, अवशेष आला आणि ताटातले उष्टेही तिथूनच आले. म्हणजे माझे नाते उष्ट्याशी. त्याचा मला राग नाही.

मी एका रंगाऱ्याच्या माठाचा तुकडा. हा माठ तो आतून कधीच धूत नसे. बायको नाक मुरडी, पण जुना रंग नव्याला धरून ठेवतो, असे त्याचे म्हणणे. खरेखोटे मला ठाऊक नाही. त्याच्या हिरव्या कापडाचे मात्र नाव होते. तो गेला, माठ फुटला आणि मी कितीतरी वर्षे परसात पालथे पडून होते. मग कोणीतरी मला संग्रहालयात आणून दिले.

संग्रहालयाची शिस्त अशी, की वस्तू आधी धुवायची, मग तिच्यावर रोगणाची पट्टी ओढून नंबर घालायचा. नंबर घालणाऱ्या काकांनी घाईत उलटे केले. नंबर आधी, तोही माझ्या आतल्या अंगाला. मग धुणाऱ्या मावशींनी मला मन लावून घासले. मी लख्ख झाले. सगळ्यांनी मावशींचे कौतुक केले.

पुढे रंगाऱ्याची नात आली. तीही कापड रंगवायची, पण आजोबांचा हिरवा तिला साधत नव्हता. दोन धुण्यांत विटायचा. सांगणारे घरात कोणी उरले नव्हते, म्हणून माझ्या आतले जुने रंग पाहायला ती आली होती. तिने मला उलटसुलट पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"घासलंत होय," एवढेच ती म्हणाली. मावशी खाली बघत राहिल्या. मला दोघींचेही वाईट वाटले.

तेवढ्यात संग्रहालय सांभाळणाऱ्या ताईंचे लक्ष नंबराच्या पट्टीकडे गेले. तिच्याखाली घासणी पोचलीच नव्हती. पण नंबर पुसणे म्हणजे इथे मोठाच गुन्हा, बिननंबरी वस्तू कचऱ्यात जमा. काका कुरकुरले. ताईंनी रोगण काढायच्या औषधात कापूस बुडवला.

"नंबर काय, पुन्हा घालता येईल," त्या म्हणाल्या.

पट्टी निघाली. नखाएवढी जागा. भिंगातून थर दिसले, दर वेळी पिवळा खाली आणि निळा त्याच्यावर.

"आजोबा, मी निळा आधी देत होते," नात हळूच म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. फक्त घासायला घेण्याआधी त्यांच्यात काय उरले आहे, ते कोणाला तरी विचारा. माझ्यात नखाएवढेच उरले, आणि तेवढ्यावर आता तिचा हिरवा टिकतो.