लेकरांना गार बाधू नये म्हणून

प्रेमिलाबाई नर्स एरवी वस्तीत दहाला येत. त्या मे महिन्यात, त्र्याऐंशी साली, एके दिवशी आठलाच पोचल्या. दिल्लीचे साहेब येणार होते, आणि साहेब येणार म्हटलं की सरकारी घड्याळही पुढे धावतं.

साहेबांना बघायचा होता फ्रिज. परदेशी मदतीतून पोलिओच्या थेंबांसाठी आलेला. योजनेची अट अशी, की फ्रिज सरकारचा, पण खोली आणि किल्ली वस्तीच्या महिला मंडळाची. याला लोकसहभाग म्हणतात. मंडळाच्या अध्यक्ष गोपिकाबाई किल्ली कमरेला खोचूनच झोपत. वर्षभरात एक बाटली फुटली नाही, हरवली नाही. हिंगणा रस्त्यावर दाखवण्याजोगी दुसरी वस्ती आरोग्य खात्याकडे नव्हतीच.

फ्रिजच्या खोलीपुढच्या अंगणात खाटेवर कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारी पितळी ताट, आणि ताटात, कुंकवाचं बोट लावलेल्या, थेंबांच्या बारा बाटल्या.

प्रेमिलाबाईंनी एक उचलली. चहाच्या कपासारखी लागली.

"गोपिकाबाई! ह्या बाहेर कुणी काढल्या?"

"म्या," गोपिकाबाई पदराला हात पुसत आल्या. "तुमी आज लवकर आल्या ताई, नाही तं तुमी येईपावतर आत गेल्या असत्या."

"पण काढल्याच कशाला?"

"काहून म्हंजे? बर्फावानी गार पानी तुमी लेकराईच्या नरड्यात टाकता. साऱ्याईले सर्दी होऊन राहिली होती. म्हटलं, ताईले सांगून काय फायदा, त्याईची सरकारी नोकरी. आपनच सकाळी जरासं ऊन दाखवावं."

प्रेमिलाबाईंनी बाटली ताटात ठेवली. "दर वेळी?"

"दर खेपेले! एक खाडा नाही. मंडळातल्या कौशल्याले विचारा. नऊ वाजता परत आत, जशाच्या तशा. तुमाले पत्ता लागला का कधी?"

नव्हता लागला. थेंबांचं औषध ऊन लागलं की मरतं, आणि मेलेलंही दिसायला गुलाबीच राहतं. प्रेमिलाबाईंच्या पिशवीत रजिस्टर होतं: तीनशे बारा मुलं, प्रत्येकाच्या नावापुढे तीन खुणा, सुवाच्य अक्षरात. तीनशे बारा लेकरांना त्यांनी स्वतःच्या हातांनी नुसतं गुलाबी पाणी पाजलं होतं. त्या खाटेच्या काठावर बसल्या. दोन कुरडया मोडल्या, गोपिकाबाईंनी तुकडे बाजूला सारले.

तेवढ्यात जीप आली, तशा गोपिकाबाईंनी बाटल्या उचलून फ्रिजमध्ये ठेवल्या. साहेब उतरले, मागून जिल्ह्याचे डॉक्टर. साहेबांनी फ्रिज उघडला, थर्मामीटर वाचलं. चार अंश. आत बाटल्यांशेजारी पाहुण्यांसाठी संत्र्याचं सरबत. ते पिऊन साहेब हिंदीत म्हणाले, "बहुत बढ़िया! ऐसी पचास बस्तियों को फ्रिज देंगे."

प्रेमिलाबाईंनी डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. डॉक्टर पांढरे पडले, मग सावरले. "आज गप्प राहा बाई. साहेब जाऊ द्या. पन्नास फ्रिज अडतील."

"आणि पावसाळा तोंडावर आलाय, त्यातच हा रोग पसरतो. पोलिओ थांबणार आहे का फ्रिज मंजूर होईपर्यंत?"

"रजिस्टर पूर्ण आहे ना? मग झालं तर."

साहेबांनी हात पुढे केला. "रजिस्टर दिखाइए."

प्रेमिलाबाईंनी रजिस्टर दिलं आणि त्या साहेबांनाही कळेल अशा खणखणीत मराठीत म्हणाल्या, "साहेब, यातल्या एकाही मुलाला पोलिओपासून संरक्षण नाही. औषध दर वेळी उन्हात मेलेलं होतं. तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही. सगळ्यांना पहिल्यापासून द्यावं लागेल."

साहेबांचं पान उलटणारं बोट तिथंच थांबलं. डॉक्टर कुरडयांकडे बघू लागले.

"मेलेलं?" गोपिकाबाईंनी विचारलं. "ऊन दाखवल्यानं?"

"हो."

"साऱ्याईचं?"

प्रेमिलाबाईंनी मान डोलावली. रजिस्टरातलं पहिलं नाव चारुशीला, गोपिकाबाईंची तीन वर्षांची नात. पहिला मान अध्यक्षांच्या घरचा, असं मंडळात ठरलं होतं.

गोपिकाबाईंनी कमरेची किल्ली काढून खाटेवर ठेवली आणि त्या दाराकडे वळल्या.

"चारू, इकडं ये वं. चालून दाखव."

पोरीला वाटलं, साहेबांसाठीच. ती ऐटीत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

गोपिकाबाई तिच्या पायांकडे बघत होत्या.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.