वळणाच्या वर

सकाळी ताईचा फोन आला तेव्हा मिस्त्री दुकानात ब्रशांच्या दांड्या जोडत बसला होता.

"अरे, काल संध्याकाळी भिंतीतून आगगाडी गेल्यासारखा आवाज आला. दोन मिनिटं घरघर, मग बंद. आणि डांबराचा वास येतोय."

मिस्त्रीनं हातातली दांडी खाली ठेवली. "शेगडी विझव आणि पेटवू नकोस. मी निघालोच."

घरोघरची धुराडी साफ करणं हा त्याचा एकोणीस वर्षांचा धंदा. तो आवाज कसला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. धुराड्याच्या आत आग लागून गेली होती. पण ताईचं धुराडं तर महिन्यापूर्वीच साफ झालं होतं. लांब्यानं केलं होतं. लांब्या म्हणजे त्याचा पहिल्या दिवसापासूनचा भागीदार. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीचा गुडघा गेला, तेव्हापासून छपरावर लांब्याच चढायचा. ताईसाठी तो दुसरा भाऊच होता. त्याच्या अंगातला स्वेटरसुद्धा तिनंच विणलेला.

ताईच्या शेगडीशेजारी खिळ्याला कार्ड लटकत होतं. लांब्याच्या गोल अक्षरात तारीख आणि खाली 'वरपर्यंत साफ'. मिस्त्रीनं आरसा आत धरून बॅटरी मारली. वळणापर्यंत धुराडं स्वच्छ होतं. त्यापुढे काही दिसेना. या भागातल्या सगळ्या धुराड्यांना मधे वळण आहे, खालून ब्रश पलीकडे जात नाही. वरचा भाग छपरावरूनच साफ करावा लागतो.

"तू कुठे चढतोस त्या गुडघ्यानं? लांब्याला बोलव ना," ताई म्हणाली.

"शिडी धर."

वर पोचेपर्यंत त्याला घाम फुटला. टोकावरची जाळी निम्मी बुजली होती. आत काजळी नव्हतीच, काजळीच्या पुढची पायरी होती. धुरातलं डांबर थरावर थर बसून काचेसारखं चकाकत होतं, मधे मधे आगीनं फुगून मधाच्या पोळ्यासारखं झालेलं. एका महिन्यात एवढं साठत नाही. त्यानं खरवडणीनं एक तुकडा काढला, तो बोटभर जाड निघाला. एका बाजूला विटेला उभी भेग गेली होती. त्या भेगेपलीकडे ताईची सहा वर्षांची नात झोपते.

दुकानात परतल्यावर त्यानं तो तुकडा लांब्यापुढे ठेवला. लांब्या चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"कुणाच्या घरातला?"

"ताईच्या."

लांब्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणाला काही…"

"नाही. नशीब तिचं. वर कधी चढला होतास?"

लांब्यानं तुकडा उचलून उलटासुलटा पाहिला. मग म्हणाला, "बेकरीच्या छपरावरून पाय सटकला होता माझा. तू घरी बसलास त्याच वर्षी. पन्हळ हातात आली म्हणून वाचलो. तेव्हापासून शिडीच्या पाचव्या पायरीच्या वर पाय उचलतच नाही बघ. घाम सुटतो, हात लटपटतात."

"मला का नाही बोललास?"

"तू आधीच खचला होतास. मीही हात टेकले असते तर काय राहिलं असतं आपलं?"

"म्हणून कार्डावर खोटं लिहिलंस?"

"वाटलं, खालचं नीट केलं तर निभावेल. पुढच्या वर्षी चढेन, असं वाटायचं. खरंच वाटायचं रे."

"किती घरं?"

"चौतीस." त्याला विचार करावा लागला नाही.

"पहिलं कुठलं?"

लांब्या खाली बघू लागला. "ताईचं."

"का?"

"ती कधी विचारणार नाही म्हणून."

मिस्त्रीला वाटलं, उठून एक ठेवून द्यावी. पण हातच उठला नाही. एकोणीस वर्षं ज्याच्या हातातल्या दोरावर आपण जीव टाकला, तो माणूस समोर बसून सांगत होता की ताईचा विश्वास त्याला सोयीचा पडला.

त्या आठवड्यात मिस्त्री चौतीसही घरांत गेला. लांब्या बरोबर आला, न बोलावता. प्रत्येक दारात त्यानं स्वतःच सांगितलं, "वरचं मी केलेलं नाही. शेगडी पेटवू नका." कुणी दार आपटलं, कुणी नको नको ते बोललं. बेकरीवाल्यानं दोघांनाही पुन्हा तोंड दाखवू नका म्हणून बजावलं. बाहेर कडाक्याची थंडी, आणि माणसं घरात कोट घालून बसलेली.

बेकरीच्या छपरावरची गोष्ट मिस्त्रीनं ताईला आधीच सांगितली होती; तिच्या दारात लांब्या मान खाली घालून उभा राहिला. ती म्हणाली, "पडलास तेव्हा लागलं होतं का रे?" तो तिथेच ढसाढसा रडला. ताईनं त्याला आत नेऊन बसवलं. मिस्त्री पायरीवरच उभा राहिला.

मग मिस्त्रीनं गुडघ्याला पट्टा बांधून एकेक धुराडं हातात घेतलं. तो चकाकता थर ब्रशला दाद देत नाही. साखळी फिरवून तो फोडावा लागतो, एकेका घराला दोन दोन दिवस. ताईच्या धुराड्यातल्या भेगेसाठी आत नवा पोलादी पाइप सोडला. लांब्या लाकडाच्या वखारीत कामाला लागला.

तो अजून ताईकडे जेवायला जातो. "तू पण ये ना, किती दिवस धरून बसणार?" ती मिस्त्रीला म्हणते. "घाबरला होता बिचारा. घाबरलेला माणूस काय करेल, नेम नसतो."

"बघू," मिस्त्री म्हणतो.

पहिलं घर तिचं का होतं, हे लांब्यानं तिला सांगितलेलं नाही. मिस्त्रीनंही नाही.