घरभर फिरलेली 'तेमीब्ले'

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. माझा एक कोपरा फाटलाय, पाठीवर डिंकाचे डाग आहेत, पण अंगावरचं अक्षर अजून ठसठशीत आहे.

बुटांच्या खोक्याचं झाकण कापून एका मुलीनं मला बनवलं. तिची आई दवाखान्यात नर्स. तिथे स्पॅनिश बोलणारे रुग्ण येऊ लागले, आणि त्यांच्या वॉर्डासाठी ती भाषा येणारी नर्स हवी होती. आईनं अर्ज केला. तोंडी परीक्षा फोनवर होणार होती. मग काय, घरभर स्पॅनिश शब्दांच्या चिठ्ठ्या लागल्या. नळाला नळाचं नाव, दाराला दाराचं. नियम एकच : त्या शब्दाचं एक खरं वाक्य मोठ्यानं स्पॅनिशमध्ये म्हटलं की चिठ्ठी उतरवायची.

माझ्यावर लिहिलं होतं 'तेमीब्ले', म्हणजे धडकी भरवणारं. नामांना हक्काच्या जागा मिळाल्या. मी पडले विशेषण, मला चिकटवायचं कुठे?

आधी कुकरवर लावलं. पहिल्याच शिट्टीला माझा डिंक सुटला. मग बाबांच्या पाठीवर लावलं, आणि ते तसेच बाजारात जाऊन आले.

"भाजीवाली म्हणाली, दादा, लेबल काढायचं राहिलंय," बाबांनी सांगितलं.

"बदलून मिळतात का, ते विचारायचं होतं," आई म्हणाली आणि माझं वाक्य म्हणून मोकळी झाली.

मुलीनं मान हलवली. "खरं वाक्य हवं, आई. बाबांना तू कधी घाबरलीस?"

परीक्षेच्या दोन दिवस आधी सरावासाठी आईच्या स्पॅनिशच्या शिक्षिकेचा फोन आला. आई घडी घातलेल्या कपड्यांच्याच पुन्हा घड्या घालत बसली. फोन वाजून वाजून थांबला. मित्रांनो, बारा वर्षं न डगमगता सुया टोचणारी बाई ही! मुलीनं मला उचललं आणि फोनच्या पोटावर चिकटवलं.

"काढ ते," आई म्हणाली.

"तूच काढ. नियमानं."

आईनं काढलं नाही. येता-जाता माझ्याकडे बघायची आणि नजर वळवायची.

परीक्षेच्या दिवशी तिनं फोन उचलला. पलीकडून भराभर प्रश्न आला आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली.

"एल तेलेफोनो एस तेमीब्ले," ती म्हणाली. हा फोन धडकी भरवतो.

पलीकडचे परीक्षक हसले. मलाही भरवतो, असं त्यांच्या भाषेत म्हणाले. पुढे दोघं इतकं बोलले की बाबांनी चहा दोनदा गरम केला.

आईला वॉर्ड मिळाला. नियमानं तिनं मला फोनवरून उतरवलं, आणि आता मी तिच्या खिशात असते. इंजेक्शनाआधी कुणी थरथरलं, की ती मला त्याच्या हातात देते आणि विचारते, लाव बघू, कशाला लावतोस? बहुतेक जण सुईला लावतात. एका आजोबांनी आईलाच लावलं.

म्हणून सांगते, भीती वाटली की तिला लपवू नका, तिच्यावर चिठ्ठी लावा. आणि माझ्यासारख्या फाटक्या चिठ्ठ्या टाकून देण्याआधी एकदा वाचा. माझा फाटलेला कोपरा अजून त्या फोनवरच आहे. बाबा खरवडायला गेले, तर आईनं त्यांचा हात धरला.