खांड्याशी लागलेलं लग्न

इंद्रजीतने आईच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली आणि सकाळपासून पाचव्यांदा विचारलं, "लग्नात कोण उभं हुतं, आई?"

"कोण म्हंजे?"

"सरकार. सरकार स्वतः उभे हुते. एवढंच म्हणायचं."

"म्हंते की," बनाबाई म्हणाली आणि उजव्या अंगठ्यावरचा जुना वण चोळत बसली. सोलापूरच्या कोर्टाच्या त्या व्हरांड्यात पंख्याचा वारा बाकापर्यंत पोचत नव्हता. इंद्रजीतचा शर्ट पाठीला चिकटला होता. आईला खोटं बोलता येत नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि आज सगळं त्या एका खोट्यावर येऊन अडलं होतं.

हिरेवाडीच्या जहागीरदारांना गाव सरकार म्हणायचं. सरकारांचं मन धनगराच्या मुलीवर, बनावर, बसलं, तेव्हा घरच्यांनी हो म्हटलं, पण धनगराच्या दारात नवरदेव पाठवला नाही. त्याच्याऐवजी त्याचा खांडा, म्हणजे तलवार पाठवली. बनाबाईने त्या तलवारीला हार घातला, तिच्याबरोबर सात पावलं चालली आणि वेशीबाहेरच्या बंगलीत सरकारांशी चाळीसेक वर्षं संसार केला. सरकारांनी दुसरी बायको केली नाही. तिला वाड्यातही नेलं नाही. वाड्यातली माणसं तिला नुसतं बनाबाई म्हणत.

गेल्या वर्षी सरकार वारले. त्यांचा पुतण्या रणधीर म्हणू लागला, काका बिनलग्नाचे गेले, ती बाई ठेवलेली होती, तिच्या पोराला कसला वारसा? त्या एका शब्दाने इंद्रजीतची झोप उडाली होती. जमीन मिळो न मिळो, आईच्या माथी हा शब्द राहता कामा नये, म्हणून त्याने दावा लावला होता.

"तलवारीचं लग्न सिद्ध करायला साक्षीदार पाहिजे," त्याचे वकील शरणबसव म्हणाले होते. "लग्नाला आलेलं कोणी हयात आहे?"

"कोणी उरलं नाही," इंद्रजीतने बेधडक सांगून टाकलं होतं. खरं म्हणजे त्याने आईला कधी विचारलंच नव्हतं. शाळेत पोरं त्याला 'तलवारीचं पोर' म्हणून चिडवायची. तेव्हापासून त्या लग्नाचा विषय निघाला की तो उठून जायचा. आता साक्षीदार नाही म्हणून, वकिलांच्याही नकळत, त्याने आईला ते खोटं पढवलं होतं.

पुकारा झाला. बनाबाई कठडा धरून साक्षीच्या पिंजऱ्यात चढली. इंद्रजीत मागच्या बाकावर देव पाण्यात घालून बसला.

रणधीरचे वकील हसतमुखाने पुढे आले. "आजी, लग्न झालं म्हणता. नवरदेव मांडवात होते?"

बनाबाईने मुलाकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे पाहिलं.

"न्हाय."

"मोठ्यानं सांगा."

"न्हाय म्हनलं की. सरकार आलं न्हवतं. त्यांचा खांडा आला हुता."

कोणीतरी फिस्सकन हसलं. संपलं सगळं, असं वाटून इंद्रजीतने मान खाली घातली.

वकिलांना तिथेच थांबता आलं असतं. पण त्यांना चेव आला. "असं? मग तो खांडा काय आपल्या पायांनी चालत आला?"

"चालत कशाला यील? मोटारीतनं आला. ह्या अक्कासाहेबांनी मांडीवर घिऊन आणला."

सगळ्या माना पुढच्या बाकाकडे वळल्या. तिथे रणधीरच्या शेजारी त्याची आत्या, सरकारांची धाकटी बहीण अक्कासाहेब बसल्या होत्या. दाव्यात रणधीरच्या बाजूने त्यांचंही नाव होतं. पंचाहत्तरीला टेकलेल्या त्या चष्म्याचं घर उघडत होत्या, मिटत होत्या.

"लई धार हुती त्येला," बनाबाई सांगत राहिली. "हार घालताना अंगठा कापला. रगात थांबंना. तवा ह्यांनीच आपला रुमाल बांधला हितं."

"रचलेली गोष्ट आहे, साहेब," वकील घाईने म्हणाले आणि त्यांनी उलटतपास आवरता घेतला.

बनाबाई उतरायला लागली. पिंजऱ्याची पायरी उंच होती आणि तिचा पाय अधांतरी चाचपडत राहिला. इंद्रजीत धडपडत उठला, पण तो फार मागे होता. पुढच्या बाकावरून एक हात आला आणि त्याने बनाबाईचा दंड धरला.

"सावकाश, वहिनीसाहेब."

"आत्या!" रणधीर दबक्या आवाजात म्हणाला.

अक्कासाहेबांनी हात सोडला नाही. न्यायाधीशांनी मान वर केली. "काय म्हणालात आपण?"

अक्कासाहेबांनी बनाबाईचा अंगठा उजेडाकडे धरला आणि चष्म्याशिवायच डोळे बारीक करून पाहिला.

"वहिनीसाहेब म्हणाले," त्या म्हणाल्या. "वण राहिलाच म्हणायचा."

पुढची तारीख मिळाली. शरणबसव लगबगीने अक्कासाहेबांना साक्षीला बोलावण्याच्या अर्जाच्या तयारीला लागले. इंद्रजीतने आईला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, बाटली उघडून तिच्या हातात दिली आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

"लग्नाला आनखी कोण कोण आलं हुतं, आई?"

बनाबाईने पाणी पिऊन घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि ती पहिल्यापासून सांगायला लागली.