मागच्या दाराची हँडलं

रकाना १. गाडीच्या मालकाचं नाव: अनंत वर्तक.
रकाना ४. गाडी: फियाट, १९७४ची, पांढरी.
रकाना ९. अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं: मालक स्वतः.
रकाना १०. गाडीत आणखी कोण, कुठे बसलं होतं: पत्नी. मागच्या सीटवर.

बाकीचे रकाने सोडून दिले तरी चालतील. क्षमा वर्तक सध्या नऊ आणि दहाच्या मध्ये अडकली होती. आणि मागच्या सीटवर तर खरोखरच अडकली होती.

नऊ वाजता शेजारच्या नंदू आणि बाळाने तिला लाकडी खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणलं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. "वहिनी, हलू नका हां," बाळा म्हणाला, "नाहीतर तुमच्या शेजारच्या खाटेवर आम्ही दोघं." दोघांना पुढे कामावर जायचं होतं. प्लास्टर दाखवायला हॉस्पिटलात साडेअकराला बोलावलं होतं आणि विम्याचा सर्व्हेयर साडेनऊला यायचा होता. तेव्हा अनंतने ठरवून टाकलं: एकदाच खाली आणायचं, गाडीत बसवायचं, सर्व्हेयर बघून गेला की तसंच निघायचं. पुढचा डावा मडगार्ड चेपला होता, दिवा फुटला होता. त्या दिवशी गाडी लोकांनी ढकलत आणून लावली होती, पण इंजिन चालत होतं.

"शिवाय तू मागे बसलेली दिसलीस की बरं," तो म्हणाला. "विचारायलाच नको त्याने."

त्याने तिची पाठ डाव्या दाराला टेकवली, पाय सीटवर आडवा ठेवला, पायाखाली उशी सरकवली. दार लावलं. काच वर दोन बोटं उघडी होती, तेवढीच.

त्या दाराला आतून हँडल नव्हतं. दोन्ही मागच्या दारांना नव्हतं. दार उघडायचंही नाही, काच फिरवायचंही नाही. तीन वर्षांपूर्वी प्रेमाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, चालत्या गाडीत दार उघडलं होतं. क्षमाने तिला फ्रॉकला धरून आत ओढलं म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी अनंतने चारही हँडलं काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. मग सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली.

सूचना: मुले असलेल्या वाहनधारकांनी मागील दारांची आतील हँडले काढावीत. हुकुमावरून, सेक्रेटरी.

सोसायटीत गाड्या पाचच. पाचही गाड्यांची हँडलं निघाली. अनंत वर्तक सांगतात म्हणजे बरोबरच असणार. विमा कधी भरायचा, कव्हर कुठलं घ्यायचं, बॅटरीचं पाणी कोणतं, सगळं लोक त्यालाच विचारायला येत.

पावणेदहा झाले. सव्वादहा झाले. भिंतीवरचं ऊन उतरून गाडीच्या टपावर आलं. अनंत फाटकाशी उभा राहून रस्ता बघत होता.

पहिल्या मजल्यावरची सुलक्षणा भाजीची पिशवी घेऊन आली आणि क्षमाच्या मानेमागच्या फटीला तोंड लावून म्हणाली, "काय गं, पाटावरच्या नवरीसारखी बसलीयेस!"

क्षमाला मान अर्धीच वळवता येत होती. "दार उघड ना जरा. जीव घाबरतोय."

"नको बाई! भावजींनी बजावलंय. दार उघडलं तर मागच्या मागे पडशील तू." सुलक्षणाने आवाज खाली आणला. "पण नशीब काढलंस हो. तुझ्या हातून गाडी ठोकली आणि त्यांनी आपल्या नावावर घेतली. आमचे हे असते तर पेपरात दिलं असतं."

"माझ्या हातून नाही ठोकली."

"हो गं, हो. फॉर्मवर नाहीच ठोकली." सुलक्षणा हसली आणि जिन्याकडे गेली.

रकाना १२. अपघात कसा झाला, थोडक्यात.

थोडक्यात: रविवार, सकाळचे सात. मिठागराकडे जाणारा रस्ता, जिथे त्या वेळी चिटपाखरू नसतं. गाडीला पुढे-मागे तांबड्या अक्षरातली एल पाटी. क्षमा स्टीअरिंगवर, पाठीशी उशी, सीट पुढे ओढलेली, कारण तिची उंची जेमतेम पाच फूट. अनंत डावीकडे. गोणी लादलेली हातगाडी आडवी आली. क्षमाने ब्रेक दाबला. गाडी थांबत होती. हे तिला आजही पायात आठवतं, की गाडी थांबत होती. तेवढ्यात अनंत ओरडला आणि त्याने स्टीअरिंग आपल्याकडे खेचलं. दिव्याचा खांब. त्याचं कपाळ काचेवर. ब्रेकवरचा तिचा पाय निसटून पेडलच्या खाली गेला, आणि आवाज आला, वाळकी शेंग मोडावी तसा.

फॉर्मवर यातलं हातगाडी आणि खांब एवढंच होतं.

हॉस्पिटलच्या खाटेशी बसून अनंतने तिचा हात हातात घेतला होता. "शिकाऊ लायसन्सवर क्लेम मिळत नाही. मी माझं नाव घालतो. तू काळजी करू नकोस." मग थोडं थांबून, "पण क्षमा, आता पुरे. परत त्या सीटवर बसायचं नाही. मला वचन दे."

ती गुंगीत होती. तिने मान हलवली असं तो म्हणतो. तिचं शिकाऊ लायसन्स त्याने कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधली.

रागावता तरी यावं! तो ओरडला असता, हात उगारला असता, तर तिला भांडता आलं असतं. त्याने तिच्यावर उपकार केला होता. उपकाराला आतून हँडल नसतं.

रकाना नसलेली गोष्ट.

मागच्या वर्षी जानेवारीत, भर अकरा वाजता, नानांना, म्हणजे सासऱ्यांना, छातीत कळ आली. अनंत ऑफिसात, फोर्टला. गाडी खाली, कव्हर घातलेली, धुतलेली, विमा भरलेली, टाकी भरलेली. घरात ती चालवता येणारं कोणी नव्हतं. क्षमा रस्त्यावर धावत गेली. तीन टॅक्सीवाले नाही म्हणाले. चौथा मिळेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, आणि नंतर घाई करण्याचं कारण उरलं नाही. तेराव्याला ती म्हणाली, "मला गाडी शिकवा." त्या वेळी अनंत नाही म्हणू शकला नाही. घरात सासूबाई होत्या, प्रेमा होती, आणि गाडी खाली उभीच होती. आजही उभी होती. कव्हर परत घातलं जाणार होतं.

सर्व्हेयर दहा चाळीसला आला. कुंडलिक तारकर. सफारीचं एक बटण तुटलेलं, बगलेत फायलींची रेक्झिनची बॅग. गाडीभोवती एक फेरी मारली. मडगार्डवर टिचक्या मारल्या, कलिंगड बघतात तशा.

"आत कोण?"

"मिसेस. अपघाताच्या वेळी बसल्या होत्या तिथेच बसल्यात," अनंत म्हणाला.

"आठवडाभर?"

अनंत हसला. तारकर हसले नाहीत. त्यांनी पुढची काच बघितली. डाव्या बाजूला काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर गेली होती. मग अनंतच्या कपाळावरची चिकटपट्टी बघितली. परत काच.

"हे कशाने?"

"ती... पिशवी आपटली. पुढे ठेवलेली."

"कसली पिशवी?"

"नारळ होते."

"सकाळी सातला." तारकरांनी लिहून घेतलं. मग पुढचं उजवं दार उघडून ते चालकाच्या जागी बसायला गेले आणि मध्येच अडकले. गुडघे स्टीअरिंगला, पोट हॉर्नला. हॉर्न वाजला. "आई गं! वर्तकसाहेब, तुमची उंची किती?"

"पाच अकरा."

"मग गाडी चालवताना हे गुडघे कुठे ठेवता? खिशात?"

"मुलगी खेळते हो सीटशी."

"केवढी आहे?"

"सहा वर्षांची."

"सहा वर्षांची पोर ही सीट ओढते? काय खायला घालता तिला?"

क्षमा मागून बघत होती. अनंतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिला त्याची कीव आली, आणि त्याच वेळी पायाखालची उशी आठवली. तिचीच उशी, स्टीअरिंगवर बसताना पाठीशी घ्यायची. त्याने ती इथे आणून लपवली होती.

तारकर कसेबसे बाहेर निघाले आणि मागच्या फटीशी आले. "बाई, एकच विचारतो आणि जातो. तुम्ही मागे बसला होतात ना?"

हो म्हटलं की झालं. साडेअकराला हॉस्पिटल, महिनाभराने प्लास्टर निघेल, गाडी नवी दिसेल. आणि त्या कागदावर कायमचं लिहिलेलं राहील की ती मागे बसली होती. पुढे कधीही, कोणाच्याही छातीत कळ आली तरी, ती मागेच बसलेली असेल.

"आधी दार उघडा," ती म्हणाली.

"क्षमा, पडशील."

"मला यांच्याकडे तोंड करून बोलायचंय. मानेमागे नाही."

तारकरांनी बॅग खाली ठेवली. एका हाताने दार हळूच उघडलं, दुसरा तिच्या पाठीला लावला. ती हळूहळू वळली. बाहेरची हवा तोंडावर आली.

"मी चालवत होते," ती म्हणाली. "शिकाऊ लायसन्स आहे. एल पाट्या लावल्या होत्या. हे शेजारी होते. स्टीअरिंग यांनी ओढलं."



तारकरांनी डोकं खाजवलं. "यांचं लायसन्स पक्कं? शेजारीच बसले होते?"

"हो."

"मग अहो, हे तर नियमात बसतं! तुमच्या पॉलिसीत लिहिलंय, पाठीमागच्या पानावर. खरं लिहिलं असतं तर मला इथे नारळ मोजायला लागले नसते."

पाच गाड्यांचे विमे सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या पॉलिसीचं मागचं पान वाचलं नव्हतं.

"आता पंचाईत अशी," तारकर म्हणाले, "खोट्या फॉर्मवर तुमची सही आहे. पण तो अजून माझ्या बॅगेत आहे, ऑफिसात गेलेला नाही. दुसरा कोरा देतो. खरा भरलात तर चौकशी होईल, वेळ जाईल, पैसे मिळतीलच असं मी सांगत नाही. हाच ठेवलात तर मला दिसलं ते मी लिहिणार. मी नाक्यावर चहा पिऊन येतो." कोरा फॉर्म त्यांनी बॉनेटवर ठेवला, त्यावर दगड ठेवला आणि गेले.

अनंत पुढे आला. त्याने सवयीने दार लावून घेतलं.

त्याचं त्यालाही कळलं नसावं. क्षमाला मात्र पुन्हा काच दिसली, आणि काचेपलीकडे त्याचा शर्ट.

"मी तुला वाचवायला गेलो होतो गं."

"माहितीये मला."

"सगळ्या सोसायटीला सांगून बसलोय मी."

"सगळ्या सोसायटीला माहितीये. सुलक्षणा मघाशी माझं अभिनंदन करून गेली." तिने फटीतून बोटं बाहेर काढली. "फॉर्म द्या. आणि पेन."

तो उभाच राहिला. मग दगड बाजूला ठेवून त्याने कागद आणि पेन फटीतून आत सरकवलं. प्लास्टरवर कागद ठेवून ती लिहायला लागली. रकाना ९. क्षमा अनंत वर्तक. त्यापुढे लायसन्स नंबर. कपाट बंद होतं, किल्ली जानव्याला होती. नंबर तिला पाठ होता. रकाना १०. पती, डावीकडे, पुढे. रकाना १२ मध्ये तिने 'गाडी थांबत होती' असं लिहिलं, आणि थांबून परत एकदा वाचलं.

खाली मालकाची सही हवी होती.

"दे," अनंत म्हणाला. फाटकापाशी तारकर दिसत होते, मिशी पुसत. "दे ना, तो आला."

"हँडलं कुठेयत?"

"कसली हँडलं?"

"मागच्या दाराची. डॅशबोर्डच्या कप्प्यात, पेपरात गुंडाळलेली. हे एक बसवा आधी."

"आत्ता? प्रेमाने परत उघडलं म्हणजे?"

"प्रेमाला मी शिकवीन. मी कागद तुम्हाला खिडकीतून देणार नाही."

तारकर पोहोचले होते. ते वळून मडगार्ड बघत राहिले, जणू तो पहिल्यांदाच दिसतोय.

अनंतने पुढचं उजवं दार उघडलं. कप्प्यातून पुडकं काढलं. कागद पिवळा पडला होता. चालकाच्या सीटवर गुडघे टेकून तो सीटच्या पाठीवरून तिरका मागे वाकला, तिच्या खांद्याजवळून हात घालून दाराच्या दांड्यावर हँडल दाबलं. अडकवायची पिन काही सापडेना. "नुसतंच बसेल," तो पुटपुटला. "पिनेशिवाय फिरेल."

"फिरू दे."

तिने पुढे सरकून, अंग वळवून हँडल धरलं. पहिल्यांदा ते रिकामंच फिरलं. तिने ते दाबून धरलं, आणि पुन्हा ओढलं. खट् झालं. दार वीतभर उघडलं.

तिने एक हात दाराच्या कडेला ठेवला आणि दुसऱ्या हाताने कागद बाहेर धरला, नवऱ्यासमोर नाही, सर्व्हेयरसमोर.

"सही राहिलीय बाई," तारकर म्हणाले.

"हो," क्षमा म्हणाली आणि अनंतकडे बघितलं. तो अजून पुढच्या सीटवर गुडघे टेकून उलटा बसला होता, तिच्या उंचीला ओढलेल्या सीटवर, पाठ स्टीअरिंगला चिकटलेली, धड वळता येईना.

"पेन दे," तो म्हणाला.