पावडीवरचं कुंकू

माझ्या भावाचं, शामूचं गिटार शहापुरात हसण्यावारी गेलं होतं. कॅम्पातल्या एका गोऱ्या शिपायानं मायदेशी जाताना ते शामूला विकलं. शामूनं मोडक्या टेलिफोनातलं लोहचुंबक गुंडाळीसकट तारांखाली बसवलं, वायर जुन्या रेडिओत नेली. तारांवरून तो धोट्याचं, मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी होडीचं, पोलादी टोक सरकवायचा. शिवाय मागाची एक पावडी, विणताना पायानं दाबायची पट्टी, त्यानं दोरीनं रेडिओच्या बटणाला बांधली होती. पायानं दाबली की सूर फुगायचा, सोडली की विरायचा. बाई हुंदका गिळते तसा. मला पहिल्यांदा ऐकूनच रडू आलं.

आमच्या वडलांना, आप्पांना नाही आलं. "मागाची पावडी काढून भुतं रडवतोय," ते चारचौघांत म्हणायचे. "पोट भरतंय व्हय त्येनं?" शामू मान खाली घालून साडी विणायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला तो वडगावला मावशीकडं गेला होता. परतला तो मोटारीतून! सोबत नाटक कंपनीचे मालक, मारुतीराव. शामूच्या वाद्याची कीर्ती ऐकून ते त्याला शोधत आले होते.

"उद्या दसऱ्याला निपाणीत खेळ हाय," मालक ओट्यावर टेकत म्हणाले. "वाजवून दाव. आवडलं तर ह्याच गाडीत बस. न्हाय तर तिथं एक सारंगीवाला तयार हाय."

शामू आत पळाला आणि उंबऱ्यातच थबकला. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाही. दरवर्षीसारखे मागाचे धोटे आणि फणी मांडली होती. त्यांच्या पुढं, मानाच्या पाटावर, गिटार, रेडिओ आणि ती पावडी. हळदकुंकू वाहिलेली. सकाळी आप्पांना झेंडू वाहताना पाहून माझे डोळे भरले होते. मूर्ख मी.

"आप्पा, मालक आल्यात. येवढं एकडाव घेऊ?"

"पोट भरायचं हत्यार म्हणून मांडलंय, लेका," आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, अभिमान होता. तोच मला अजून सलतो. "पुजलेल्याला उद्यापातूर हात लावायचा न्हाय."

"उचल रं शामू!" मी ओरडले. "देव काय खातोय व्हय तुला?"

तो वाकला. पावडीवरच्या कुंकवाकडं बघत राहिला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते बापानं आज वाहिलं होतं. ते पुसायला त्याचा हात धजेना. बाहेर मोटार सुरू झाली.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. आमच्याकडं ते बापाच्या मायेनं नेलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतः पूजा उचलली. आयुष्यात पहिल्यांदा समोर बसून म्हणाले, "वाजव की रं, ऐकू दे."

शामूनं पावडीची दोरी सोडली, ती मागाखाली पुन्हा जागच्या जागी बांधली आणि विणायला बसला.