लिफ्टमधला चेहरा

"हसू नका हो, ताई," फोटोवाला म्हणाला. "आजाराचा फोटो आहे, लग्नाचा नाही."

"मग आधी तुम्ही तोंड नीट करा. तुमच्याकडे बघूनच हसू येतंय मला."

खोटं नव्हतं ते. एक डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, दुसरा गच्च मिटलेला आणि जिभेचं टोक ओठांबाहेर, असं ध्यान समोर असल्यावर माणूस हसणार नाही तर काय करणार! पण तिनं ओठ आवळले आणि चेहरा दिव्यासमोर धरला. दोन्ही गालांवर आणि मधे नाकाच्या दांडीवर पसरलेला डाग आज चांगलाच उठून दिसत होता. लाल नव्हता. तिच्या काळ्या रंगावर तो कधी लाल दिसलाच नव्हता. आजूबाजूच्या कातडीहून गडद, जरासा जांभळट, इतकंच.

इस्पितळात सगळे तिला लिफ्टताई म्हणायचे. लग्न झालं त्याच वर्षी ती लिफ्टमधल्या उंच स्टुलावर बसली, ती अजून तिथेच. तिच्या खांद्याशी, अगदी अंग घासेल इतक्या जवळ, एक पोस्टर होतं. त्यावर गोऱ्यापान बाईचा चेहरा, गालांवर लालभडक चट्टा आणि खाली मोठी अक्षरं: असा लाल चट्टा दिसला तर ल्युपस असू शकतो, चौथ्या मजल्यावर या. ल्युपसमध्ये शरीराची राखण करणारी ताकदच उलटून शरीराला खायला उठते, हे त्या पोस्टरवरून तिला तोंडपाठ झालं होतं. दोन गोऱ्या बायकांना तर तिनंच हेरलं होतं. "रागावू नका बाई, पण तुम्ही तिसऱ्यावर उतरू नका, चौथ्यावर जा," असं म्हणून तिनं दार धरून ठेवलं होतं. त्यातली एक अजून भेटते. ठणठणीत आहे, हात दुखतात म्हणून कुरकुर करते, एवढंच.

आणि नेमकं त्याच दिवसांत हिच्या गालांवर डाग पडले, सकाळी बोटं वळेनाशी झाली, पोटात राहिलेलं दोनदा गेलं. पण पोस्टरवरचा चट्टा लाल आणि हिचे डाग काळे. तिनं साबण बदलला. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "गालावर लाल चट्टा येतो का?" तिनं खरं ते सांगितलं, "नाही बुवा." पाय सुजून चपलेत जाईनात तेव्हा कुठे ती चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसली. तोवर आजारानं मूत्रपिंडात बस्तान मांडलं होतं.

"हा आजार सगळ्या लोकांत सारखा वागत नाही," बाईंनी तेव्हा समजावलं होतं. त्या स्वतः गोऱ्या, दुसऱ्या वंशाच्या. "आमच्या लोकांत पुष्कळदा कातडी आणि सांध्यांवर निभावतं. तुमच्या लोकांत तो लहान वयात येतो, जोरात येतो आणि मूत्रपिंडं जास्त धरतो. का, ते अजून पुरतं कोणाला कळलेलं नाही. काही रक्तातच असेल. काही आमच्या उशिरा ओळखण्यातही आहे."

"म्हणजे त्याला आम्ही बरोबर ओळखू येतो," लिफ्टताई म्हणाली होती, "आम्हालाच तेवढा तो ओळखू येत नाही."

बाई हसल्या नव्हत्या. त्या दिवसापासून त्या नवीन पोस्टरच्या मागे लागल्या होत्या. त्यावर काळा चेहराही हवा. मंजुरी मिळेपर्यंत औषधांनी लिफ्टताईचे डाग पुसट झाले, आणि फोटो काढायचा कशाचा असा प्रश्न पडला. मग परवा त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि डाग परत आलेला त्यांना दिसला. म्हणून आजचा हा थाट.

फोटोवाला गेला. बाईंनी दार लोटून घेतलं.

"डाग इतका कसा उसळला? गोळ्या घेताय ना?"

लिफ्टताई हाताची नखं बघत बसली.

"ताई, मी विचारतेय."

"बंद केल्या. दीड महिना झाला."

"का?"

"का म्हणजे? तुम्हीच म्हणालात, या गोळ्या चालू असताना मूल नको म्हणून. मग गोळ्याच नकोत म्हटलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मी थोडं थांबा म्हणाले होते! आजार शांत झाला की औषध बदलून देणार होते."

"थोडं थोडं म्हणत दोन वर्षं गेली, बाई. तुमचं काय जातं थांबा म्हणायला? पाचव्यावर बाळंतपणाचा वॉर्ड आहे. रोज सकाळी बाया पोरं घेऊन घरी जातात, आणि खाली कोण आणतं त्यांना? मीच ना? दुपट्यातून एवढीशी मूठ बाहेर आलेली असते. माझा जीव तुटतो हो. मला पाहिजे. एक. मला दुसरं काही नको."

बाईंनी रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या. "दिवस राहिलेत का तेही बघते. दुपारपर्यंत कळेल," एवढंच म्हणाल्या.

ती लिफ्टमध्ये परतली. वर, खाली, पुन्हा वर. आज तिला मजलेही धड सांगता येत नव्हते. एका म्हाताऱ्याला तिनं दुसऱ्याऐवजी तिसऱ्यावर उतरवलं आणि वर त्यालाच म्हणाली, "फिरून या जरा." दिवस राहिले असतील तर? पाळी चार दिवस लांबली होती. त्या चार दिवसांवर तिनं मनात काय काय रचलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

जेवणाच्या सुट्टीत नवरा डबा घेऊन आला. घरं रंगवायचा तो. भुवईवर पांढरा रंग तसाच होता. जिन्याखालच्या बाकावर बसून तिनं त्याला सगळं सांगितलं. तो चावायचा थांबला.

"मला न सांगता बंद केल्यास?"

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

"मूल पाहिजे असं मी कधी म्हणालो का तुला? एकदा तरी?"

"नाही म्हणालास. पण शेजारचं बाळ उचलतोस ना, ते परत खाली ठेवायला तुला किती वेळ लागतो, ते मला दिसतं."

त्यानं मान फिरवली. मग म्हणाला, "त्याच्या आईला काम असतं गं. म्हणून धरतो." आणि डब्यातलं उरलेलं सगळं त्यानं तिच्या पुढ्यात सारलं.

दुपार कलताना डॉक्टरीणबाई स्वतःच लिफ्टमध्ये शिरल्या. आत दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी मजला सांगितला नाही, आणि तिनंही बटण दाबलं नाही.

"दिवस राहिलेले नाहीत," त्या म्हणाल्या.

"बरं."

"आणि मूत्रपिंडं बिघडलीत, ताई. या दीड महिन्यात बरीच. आता नेहमीच्या गोळ्यांनी भागायचं नाही. उद्या सकाळी भरती व्हा, शिरेतून औषध सुरू करू. पण जुन्या गोळ्या आजपासूनच. आता मुलाचा नाद धरलात तर मूलही हाताला लागायचं नाही आणि तुम्हीही."

"मग नंतर? बरी झाल्यावर?"

"मूत्रपिंडाचा जो भाग गेला, तो परत येत नाही. खोटी आशा मी नाही लावणार तुम्हाला. तुम्ही जगायला हव्यात एवढंच मला आता दिसतंय."

लिफ्ट कुठल्याच मजल्यावर चालली नव्हती. दार बंद करून दोघी तळमजल्यावर तशाच उभ्या होत्या. लिफ्टताईनं पदरानं नाक पुसलं.

"हा आजार आधीच कळला असता तर मूल झालं असतं का हो मला?"

बाईंनी खाली बघितलं. "बहुतेक, हो."

ती रडली. आवाज न करता, खांदे हलवत रडली. बाईंचा हात तिच्या पाठीवर होता आणि तिनं तो झटकला नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "फोटो बरा आलाय का?"

"छान आलाय."

"मग लावा लवकर. आणि मोठा लावा, डोळ्यांत भरेल असा."

बाईंनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात दिली आणि त्या उतरून गेल्या. लिफ्टताईनं एक गोळी काढून तळहातावर ठेवली. केवढीशी ती! तिच्याकडे ती बघत राहिली. मग पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, मान मागे टाकली आणि गोळी गिळली.

पाचव्या मजल्यावरून बोलावणं आलं. तिनं डोळे पुसले, साडी सारखी केली आणि लिफ्ट वर नेली. दार उघडलं तर एक कोवळा बाप, आयुष्यात पहिल्यांदाच काही उचलल्यासारखा, दोन्ही हातांत बाळ धरून उभा. मागे त्याची थकलेली बायको. दोघं जपून आत आली.

"ताई," बाप हळू आवाजात म्हणाला, "सावकाश न्या हं. झोपलीय ती."

लिफ्टचा वेग काही तिच्या हातात नव्हता. सगळ्यांना घेऊन ती एकाच वेगानं खाली जायची.

"हो," ती म्हणाली, "अगदी सावकाश नेते."